दोराच्या शेवटची बाई

माझ्या सुनेला कामावर सगळ्या 'काटेवाली' म्हणतात. मोठ्या इस्पितळाचा धुलाईखाना, तोही तळघरात. वॉर्डावॉर्डांतून चादरी, अभ्रे, पेशंटचे झगे कॅनव्हासच्या पिशव्यांत भरून खाली येतात आणि यंत्रात जाण्याआधी प्रत्येक पिशवी हिच्या काट्यावर चढते. ठरल्यापेक्षा जास्त कापड गेलं तर यंत्र मध्येच गुरगुरून बंद पडतं, मग चाळीस चादरी साबणासकट हातांनी पिळा. म्हणून काट्यावरची बाई डोळ्यांत तेल घालून उभी असावी लागते. ही एकोणीस वर्षं उभी आहे. उंचीला बेताची, रुंदीला भरभक्कम. लग्न होऊन आली त्या दिवशी माझी बायको माझ्या कानात कुजबुजली, "दार मोठं करून घ्यावं लागेल हो." सुनेला ते ऐकू गेलं. वळून म्हणाली, "सासूबाई, मी तिरकी होऊन येईन की." आणि खरंच तिरकी होऊन आत आली. घर हसून हसून लोळलं.

अशी हसणारी बाई. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता बराच वेळ ती हसणार नाही.

माझा मुलगा बस चालवायचा. दीड वर्षापूर्वी एका दुपारी शेवटच्या थांब्यावर त्यानं गाडी लावली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. लोकांना वाटलं, डुलकी घेतोय. इंजिन चालूच होतं. कंडक्टरनं चहा पिऊन येऊन खांदा हलवला, तेव्हा कळलं. चव्वेचाळीस वर्षांचा होता. माझी बायको आधीच गेलेली. मूलबाळ त्यांना झालं नाही. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत उरलो मी आणि सून.

ती कामावर जायची. यायची, हात धुवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. मी ताट वाढून ठेवायचो, तासाभरानं झाकून ठेवायचो. सुट्टीच्या दिवशी ती उठायचीच नाही. सकाळी ज्या कुशीवर, संध्याकाळीही त्याच कुशीवर. मी उगाच भांडी आपटायचो, खोटं खोटं खोकायचो, शेजाऱ्याच्या मांजराच्या गमतीजमती मोठ्यानं सांगायचो. त्या मांजरानं एकदा टपालवाल्याच्या पिशवीत पिल्लं घातली होती. ही गोष्ट ऐकून दगड हसेल, पण ती हसली नाही. एका रविवारी मी पाण्याचा पेला घेऊन गेलो तर भिंतीकडेच बघत म्हणाली, "मामंजी, एखाद्या दिवशी मी उठले नाही तर एकटे घाबरू नका. शेजारच्यांना हाक मारा."

पेला माझ्या हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ती कामावर पोचायच्या आत मी धुलाईखान्याच्या दारात होतो.

तिथली मुकादमीण म्हणजे भोंगा. साठीला आलेली, गुडघे गेलेले, पण आवाज! एकदा इस्पितळाच्या आवारात लॉरी मागे येत होती, ही ओरडली, "थांब!" ती लॉरी थांबलीच, बाहेरच्या रस्त्यावरच्या दोन मोटारीही थांबल्या. वर कुठल्याशा डॉक्टरनं हातातली सुई खाली ठेवली असंही सांगतात. मी ते पाहिलेलं नाही, पण मला पटतं. तर या भोंग्याला मी सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वजन किती हो तुमच्या सुनेचं?"

मला राग आला. "वजन काय विचारता?"

"कामगारांच्या स्पर्धा आहेत सहा महिन्यांनी. रस्सीखेचीला मी बायका उभ्या करतेय. सात मिळाल्या. शेवटी उभी राहायला एक जड बाई पाहिजे, आणि ती माझ्या नाकासमोर काट्यापाशी उभी आहे. सांत्वन मला येत नाही, आजोबा. दोर येतो."

इस्पितळाच्या मागे एक मोडकी रुग्णवाहिका पडून होती. तिला ब्रेक लावून कामाची पाळी संपल्यावर या आठ जणी ती ओढायच्या. पहिल्या आठवड्यात आत रखवालदार झोपला होता, ते कुणाला ठाऊक नव्हतं. डोळे उघडले तेव्हा समोरचं झाड मागे गेलेलं. दारू सोडली त्यानं! आठ जणींत दोघी सख्ख्या जावा होत्या, इस्त्रीच्या रुळावर काम करणाऱ्या. घरी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण दोरावर एकीमागे एक, एकाच श्वासात ओढायच्या. सगळ्यांत पुढे असायची टाचणी, फाटक्या चादरी मशीनवर शिवणारी चोवीस वर्षांची पोरगी. टाचणीसारखीच बारीक आणि टाचणीसारखीच टोचणारी.

आणि शेवटी माझी सून. शेवटच्या बाईचा दोर नुसता हातात नसतो. काखेखालून पाठीवर, पाठीवरून दुसऱ्या खांद्यावर असा अंगाभोवती घ्यावा लागतो. पहिल्या दिवशी भोंगा तिला म्हणाली, "पुढच्या ओढतील. तू हलायचं नाहीस, एवढंच तुझं काम."

"ते मला येतं," सून म्हणाली.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती खांदा सोलवटून. तेल लावायला लागलो तर म्हणाली, "मामंजी, सात जणींचं ओझं पाठीवर येतं. तेवढा वेळ दुसरं काही पाठीवर बसत नाही." आणि दोन वेळा वाढून घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर फडकं धरलं.

पण फार आनंदानं सांगत सुटलो तर खोटं होईल. रविवारी दोर नसायचा, आणि रविवारी ती उठायची नाही. सोमवार ते शनिवार दोर होता म्हणून बाई उभी होती. ज्या दिवशी दोर नसेल त्या दिवशी काय, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

या खेळात ओढणाऱ्यांचं वजन एकत्र धरतात. आठ जणी मिळून पाचशे चाळीस किलोच्या आत पाहिजेत. म्हणून दर शनिवारी सून सगळ्यांना आपल्या काट्यावर उभं करायची आणि पेन्सिलीनं भिंतीवर आकडा लिहायची. बायका मोठ्या खूश. धाकटी जाऊ म्हणायची, "ताई, तुमच्या काट्यावर उभं राहिलं की कसं हलकं हलकं वाटतं." स्पर्धेच्या आदल्या शनिवारी बेरीज भरली पाचशे अडतीस. दोन किलो शिल्लक. भोंग्यानं सगळ्यांना भजी... छे, भजी कुठली, वजनाच्या भीतीनं एकेक काकडी खाऊ घातली.

स्पर्धेच्या सकाळी मीही बसमध्ये चढलो. मैदान मोठं होतं, गिरणीच्या मागचं. टपालवाल्या, बंदरावरच्या, गिरणीतल्या, सगळ्यांचे संघ. आमची पहिलीच गाठ तुरुंगाच्या पहारेकरणींशी. एकेक बाई अशी, की कैदी आपणहून परत आत जाईल. टाचणीची सासू, नवरा, नणंद सगळे पहिल्या रांगेत येऊन बसले होते. "कपडे शिवणारी बाई दोर काय ओढणार," असं सासू सहा महिने म्हणत होती. आज तिला दाखवायचं होतं.

तंबूत वजनं सुरू झाली. पंच पोरगेलेसा, चष्मा लावलेला, फार अदबीचा. आठही जणी एकेक करून चढल्या. त्यानं बेरीज केली, पुन्हा केली आणि मान वर न करता म्हणाला, "पाचशे चौपन्न."

"काय?" भोंगा ओरडली. तंबूचं कापड हललं. "तुमचा काटा नासका आहे!"

पंचानं वीस किलोचं लोखंडी वजन उचलून काट्यावर ठेवलं. काटा बरोबर विसावर. मागे पहारेकरणी खुदुखुदू हसायला लागल्या. "एवढ्या सगळ्या जणी न्याहारीत काय चादरी खाता का गं?"

थोरली जाऊ कानांतलं काढायला लागली. धाकटी म्हणाली, "मी केस कापते."

"तुझ्या केसांत चौदा किलो नाहीत. डोक्यात काही असतं तर गोष्ट निराळी," थोरली म्हणाली. घरी अबोला असलेल्या बायका, पण टोमणा मारायला तोंड उघडलं.

कुणी हसलं नाही. कारण माझी सून त्या लोखंडी वजनाकडे बघत उभी होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता.

"सोळा," ती म्हणाली. "सोळा किलो. आठ जणी, दोन दोन किलो."

गोष्ट अशी होती. धुलाईखान्यात कापड पिशवीतून येतं आणि पिशवी एका फळीवर ठेवून तोलतात. पिशवी आणि फळी मिळून दोन किलो. यंत्राला फक्त कापडाचं वजन पाहिजे, म्हणून काटा रिकामा असताना शून्यावर नसतो, दोन घरं शून्याच्या मागे उभा असतो. पिशवी आणि फळी चढली की शून्यावर येतो. नऊ वर्षांपूर्वी हिनंच तो तसा लावून घेतला होता. दिवसाला दीडशे पिशव्या तोलणाऱ्या डोळ्यांना मागे उभा असलेला काटा हाच सरळ काटा वाटायला लागला. आणि बाई काट्यावर चढते तेव्हा ती काही पिशवीत बसून फळीवर चढत नाही. प्रत्येक शनिवारी प्रत्येक बाई दोन किलो हलकी भरली, आणि हलकं भरल्यावर उलट तपासायला कोण जातंय?



"आता?" भोंग्यानं पंचाला विचारलं. आवाज पहिल्यांदाच माणसासारखा होता.

"आठाऐवजी सात जणी चालतील," पंच म्हणाला. "एक जण उतरवा. कोण ते अर्ध्या तासात सांगा. नंतर बदल नाही."

"मी उतरते," सून म्हणाली आणि तंबूबाहेर पडली.

मी तिच्या मागे. ती पाण्याच्या टाकीमागे सावलीत उभी होती, हात दोन्ही बाजूंना सोडून. मी जवळ गेलो. "मामंजी, घरी चला," ती म्हणाली. "बस कुठून सुटते बघा."

"अगं पण..."

"मला झोपायचंय."

 सहा महिने जी बाई ओढून ओढून वर आणली होती ती माझ्या डोळ्यांसमोर परत त्या भिंतीकडे निघाली होती. मी काय बोलावं? जन्मभर लोकांना गोष्टी सांगितल्या. त्या टाकीपाशी मला एक आठवेना. मांजराची सुद्धा. नुसता तिचं मनगट धरून उभा राहिलो आणि ती सोडवायचीही तसदी घेईना.

भोंगा लंगडत आली. "चूक केलीस," ती म्हणाली.

"हो."

"बावळट चूक केलीस. सहा महिने पाण्यात घातलेस."

"हो, मावशी. म्हणून तर उतरते."

"तू उतरलीस तर उरतात चारशे अडुसष्ट किलो. समोर पाचशे एकोणचाळीस. त्या बाया आम्हाला ओढत तुरुंगापर्यंत नेतील. शेवटी कुणाला उभी करू, मला? माझे गुडघे बघ." भोंग्यानं श्वास घेतला. "उतरायची ती हलकी. टाचणी."

"नको!" सून पहिल्यांदा ओरडली. "तिचं काय चुकलं? तिची माणसं आलीत. चूक माझी आणि शिक्षा तिला? मावशी, असं केलंत तर मी तोंड दाखवू शकणार नाही. मला जाऊ द्या. खरंच जाऊ द्या. मला आता नाही झेपत."

तेवढ्यात टाकीच्या दुसऱ्या बाजूनं टाचणी आली. सगळं ऐकलेलं. नाक लाल, डोळे सुजलेले. आजवर ती माझ्या सुनेला 'अहो ताई' म्हणायची. पुढ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी उतरतेय. भोंग्यानं सांगितलं म्हणून नाही. मला बेरीज येते म्हणून."

"अगं..."

"गप्प बस. मी तुला माफ केलेलं नाही, कळलं? सासूला मी आता काय सांगू, सांग! काटा मागे होता म्हणून सांगू?" तिला हुंदका आला, तो तिनं गिळला. "तू माझी जागा खाल्लीस आणि आता घरी जाऊन झोपणार? वा! मग मी कशाला उतरले? चल. दोर धर."

सून हलेना. तेव्हा टाचणीनं दोन्ही हातांनी तिला पाठीमागून ढकलायला सुरुवात केली. बावन्न किलोची पोरगी शहाऐंशी किलोच्या बाईला ढकलतेय, बूट मातीत घसरताहेत, आणि दोघी रडताहेत. पाचेक पावलं तसं गेल्यावर सून स्वतःच्या पायांनी चालायला लागली.

पहिली ओढ सांगण्यासारखी नाही. शिट्टी वाजली आणि संपली. सात जणी तोंडावर. पहारेकरणींनी टाळ्या दिल्याघेतल्या.

तिनांत दोन जिंकायच्या होत्या. दुसऱ्या ओढीआधी भोंगा रांगेपाशी बसली आणि कधी नव्हे ते हळू आवाजात बोलली, "ओढू नका. ओढण्यात त्या भारी आहेत. नुसत्या धरून बसा. ओल्या चादरीचं गाठोडं धरतो तसं. त्यांना दमू द्या."

शिट्टी झाली. सात जणी मागे कलल्या, टाचा मातीत रुतवल्या आणि दगड झाल्या. पहारेकरणी हिसके देत होत्या. दोर इकडे चार बोटं, तिकडे चार बोटं. एक मिनिट गेलं. दोन गेली. माणसं बसल्या जागची उठली. धाकट्या जावेच्या मांड्या लटलट कापत होत्या आणि थोरली मागून म्हणत होती, "धर गं माझे बाई, धर, घरी गेल्यावर बोलीन मी तुझ्याशी." माझ्या सुनेचे डोळे मिटलेले. खांद्यावरची जखम उघडून सदरा लाल झालेला. तिसरं मिनिट संपलं आणि समोरची रांग मधेच ढिली पडली. "आता!" भोंगा ओरडली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सात जणी पावलापावलानं मागे सरल्या, आणि तुरुंग आमच्या बाजूला आला.

टाचणी रांगेबाहेर उड्या मारत होती. मग एकदम तिला आठवलं की आपण रागावलेलो आहोत. उभी राहिली.

तिसरीही तशीच धरली. पण समोर आठ होत्या आणि इकडे सात. चौथ्या मिनिटाला धाकट्या जावेचा पाय घसरला. एक सुटली की पुढच्या-मागच्याही सुटतात. सगळ्या जमिनीवर, तरी दोर जाईना, कारण शेवटी ही एकटी उभी होती. आठ जणी ओढताहेत आणि ही मातीत दोन चर पाडत सरकतेय, सरकतेय, पण सोडत नाही. पंचानं शिट्टी मारली. हिनं सोडला नाही. पुन्हा मारली. शेवटी पंच आणि टाचणी दोघांनी तिची बोटं एकेक करून उलगडली.

हरलो. पुढच्या फेरीत तुरुंग गेला. टाचणीची सासू काय म्हणाली ते मला ऐकू आलं, लिहीत नाही.

परतीची बस भरत आली. टाचणी घरच्यांबरोबर गेली नाही, आमच्या बसमध्ये चढली. एकच जागा रिकामी होती, सुनेशेजारची. बसली, तोंड खिडकीकडे. मग खिडकीलाच म्हणाली, "पुढच्या वर्षी शेवटी मी उभी राहणार."

"तू? बावन्न किलोची?" सून म्हणाली.

"खाईन. तू शिकवायचंस. उद्यापासून. सहा वाजता, पाळीच्या आधी."

"उद्या रविवार आहे."

"मग? रविवारी तुझे हात गळून पडतात काय?"

  टाचणी आपल्या थांब्यावर उतरली, निरोपही न घेता. मी सुनेकडे चोरून बघत होतो. ती आपल्या हातांकडे बघत होती. ते सोलून लाल झालेले, बोटं आकड्यासारखी वाकलेली, सरळ होत नव्हती.

घरी आल्यावर ती थेट आत गेली आणि पलंगावर बसली. भिंतीकडे तोंड.  मी तिचे बूट काढले, खांद्याला पट्टी बांधली.  बाहेर अजून उजेड होता. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मामंजी," ती म्हणाली.

"काय गं?"

"ते घड्याळ घ्या इकडे. पाचचा गजर लावून द्या. मला चावी फिरवता येत नाही."

मी घड्याळ घेतलं. चावी फिरवली तर गजर दोनदा चुकीचा लागला, तिसऱ्यांदा पाचवर बसला.